सगळं चालतं, माणूस सोडून

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "गोळी चालू ठेवा, पण रोज 45 मिनिटं चालायला हवं." मी विचारलं, "कुठे?" त्यांना वाटलं, पेशंट गमत्या आहे. पण बंगळुरूत हा प्रश्न भूगोलाचा आहे.

आमच्या घरापासून भाजीचं दुकान 600 मीटरवर. पहिले 50 मीटर फुटपाथ आहे. इथला फुटपाथ म्हणजे बहुतेक ठिकाणी पावसाळी गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या. गटाराच्या झाकणालाच आपण पदपथ म्हणायचं. एखादी लादी डुगडुगते, एखादी मुळातच नसते. मग ट्रान्सफॉर्मर आडवा येतो. त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरा, पुन्हा वर चढा. चढ गुडघ्याएवढा, म्हणजे बैठकांचा व्यायाम फुकट. पुढे इंटरनेटच्या काळ्या केबलींचं भेंडोळं बरोबर गळ्याच्या उंचीवर लोंबतं. त्याखालून वाकून निघालो की मागून हॉर्न. फुटपाथवर, मागून! मोटारसायकलस्वार हसतमुखानं म्हणतो, "स्वल्प अडजस्ट माडी, सर." थोडं सांभाळून घ्या. घेतो. गाडी फुटपाथवर, मी रस्त्यावर.

सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये सांगितलं की, विनाअडथळा फुटपाथ हा पादचाऱ्याचा घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा फुटपाथ घटनेत आहे. आमच्या गल्लीत नाही.

निष्पन्न काय, तर मी 600 मीटर स्कूटरनं जातो. पाऊस असला की तेही नाही. फोनवर बोट टेकवतो आणि दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. ही सोय देणाऱ्यांपैकी एक स्विगी, ती याच शहरात 2014 साली जन्मली. जगाची कामं आउटसोर्सिंगनं अंगावर घेणाऱ्या बंगळुरूनं स्वतःचं चालणं मात्र बाहेर देऊन टाकलं. आणि ज्याला ते दिलं, त्या पोराला आमच्या सोसायटीत मुख्य लिफ्ट वापरायला मनाई. मागची सर्व्हिस लिफ्ट, ती बंद असली तर जिना. चौथ्या मजल्यापर्यंतच्या माझ्या वाट्याच्या पायऱ्या तो चढतो. माझ्या नावावर फक्त बटाटेवडे पडतात.

घरचे म्हणतात, "तुम्ही मनावरच घेत नाही." हे 'मनावर घेणं' हा आता मोठा धंदा आहे. जिमवाले, घड्याळवाले, डाएटवाले सगळे माझ्या मनाला ठोकत बसलेत. रस्ता कुणीच ठोकून सारखा करत नाही. 2025 साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेत गाव बदललेल्या माणसांच्या फोनमधली पावलं मोजली. चालायला कठीण शहरातून चालायला सोप्या शहरात जे गेले, त्यांची पावलं दिवसाला साधारण 1,100 नी वाढली. उलट दिशेनं गेलेल्यांची जवळपास तेवढीच घटली. माणूस तोच, मन तेच. प्रवचन कुणी दिलं नव्हतं, सामान फक्त हलवलं होतं. माझा डोंबिवलीचा मावसभाऊ हे अभ्यासाशिवाय सिद्ध करतो. त्यानं जिमचं तोंड पाहिलेलं नाही. घर ते स्टेशन, पुलावर चढ, पुलावरून उतर, पुन्हा ऑफिसपर्यंत तंगडतोड, आणि हे सगळं मुंबईच्या घामात. आम्ही 900 मीटर उंचीवर, देवानं फिरण्यासाठीच बनवलेल्या हवेत राहतो आणि एसी लावून ट्रेडमिलवर जागच्या जागी धावतो.

आता गाड्यांचं ऐका, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठी चालू आहे. शहरोशहरीची वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या हिशेबात बंगळुरूत 10 किलोमीटर गाडी हाकायला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागली. (पुणेकरांनी हसू नये, त्यांना 33 मिनिटं 22 सेकंद लागली.) याच शहरात दरवर्षी वर्ल्ड 10के ही शर्यत होते. 2022 मध्ये केनियाच्या निकोलस किमेलीनं ती 27 मिनिटं 38 सेकंदांत मारली, आणि त्याच सकाळी आयरीन चेप्टाईनं 30 मिनिटं 35 सेकंदांत. म्हणजे एका बाईनं, पायात नुसते बूट घालून, अख्ख्या शहराच्या मोटारींना साडेतीन मिनिटांनी मागे टाकलं. अर्थात त्या दिवशी तिच्या वाटेवरच्या गाड्या बंद ठेवल्या होत्या. तेच तर म्हणतोय मी!

खाण्याचंही तसंच. या शहरानं एके काळी आहारतज्ज्ञाशिवाय लोकांना बेतानं खायला शिकवलं होतं. 1983 मध्ये जयनगरात कॅफे दर्शिनी निघालं आणि उभ्यानं खायच्या हॉटेलांची लाट आली. खुर्ची नाही, वेटर नाही, उंच टेबलापाशी उभं राहून दोन वाफवलेल्या इडल्या, आणि निघा. त्यात 'बाय टू'. एक कॉफी, दोन पेले. अर्ध्या कॉफीत समाधान मानायची ही रीत. कंजूषपणा म्हणून कुणी नाक मुरडत नाही. मित्राबरोबर गेलं की अर्धंच प्यायचं, हा इथला शिष्टाचार. याला म्हणतात वातावरण. आता त्याच इडलीवर पळीभर तूप आणि पोडी, म्हणजे चटणीपूड, ओतून रांगा लागतात, आणि ती रांग बघायला लोक गाडीनं येतात. घरपोच मागवायची तर 'बाय टू' नसतंच. ॲप सांगतं, अजून 60 रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फुकट. चार पैसे वाचवायला मी गुलाबजाम घेतो. डॉक्टरांनी हा इन्सेंटिव्ह कुठल्या रिपोर्टात पाहिलाय का?

बरं, उद्यानात जावं, तर तिथे पाट्या. इंदिरानगरातल्या एका उद्यानातल्या पाटीचा फोटो मध्यंतरी फिरला होता. पळू नका, घड्याळाच्या उलट दिशेनं चालू नका. सदाशिव पेठेनं टोपी काढावी अशी ही पाटी. दुपारी एक ते चार बंद हे आपल्याला समजतं. पण चालण्याची दिशासुद्धा समिती ठरवणार, हे पुण्यालाही सुचलं नव्हतं.

जमतच नाही असं मात्र नाही. रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड या रस्त्यांचे फुटपाथ टेंडरशुअर योजनेत रुंद, सपाट केले, केबली आणि पाइप खाली नळ्यांत घातले. तिथे मी स्वतः पोट सांभाळत पाऊण तास चाललोय आणि एकदाही खाली पाहावं लागलं नाही. तेव्हा तक्रार कोणती आली? फुटपाथ फार रुंद झाले, गाड्यांना जागा उरली नाही! 2018 मध्ये चर्च स्ट्रीट दगड बसवून नवा केला, 2020 च्या शेवटी काही शनिवार-रविवार तिथे गाड्या बंद केल्या. लोक अक्षरशः चालायला म्हणून यायचे. पुढे गाड्या परत आल्या.

आणि सध्या? हेब्बाळ ते सिल्क बोर्ड सुमारे 17 किलोमीटरचा बोगदा घाटत आहे, 17 हजार कोटींच्या वरचा, अर्थातच मोटारींसाठी. त्याच्या एका वाटेसाठी लालबागेच्या कडेची जमीन लागणार असा विषय निघाला, तेव्हा सकाळी तिथे फिरणारे लोक फलक घेऊन उभे राहिले. मला त्यांचं कौतुक वाटतं. शहरातल्या रस्त्यांवर चालता येत नाही म्हणून ज्या बागेत चालायला येतात, तिथूनच रस्ता काढायची कल्पना ज्याला सुचली, त्याला रोज पंचेचाळीस मिनिटं चालायला सांगा. माझ्या 600 मीटरवर.

डॉक्टरांचं ऐकायचं ठरवून गेल्या रविवारी मी कब्बन पार्कात गेलो. रविवारी आतल्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते, त्यामुळे छान चालता येतं. बाहेर गाडी लावायला जागा शोधण्यात पंचवीस मिनिटं गेली.