पोटातली कुळं

मालवणात कोणाला हार्ट अटॅक आला की पहिला संशय माशावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी सोडूनही देतात, कारण दुपारी जेवायला बांगडा असतो.

आरोपपत्र तसं तयार आहे. शिळ्या माशाचा उग्र दर्प असतो ट्रायमिथाइल अमाइनचा. आपण मटण, अंडी खाल्ली की आतड्यातले जिवाणू हेच रसायन बनवतात आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. रक्तात ते जास्त असलेल्यांना हृदयविकार अधिक आढळतो, असं क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने 2011 मध्ये मांडलं. समुद्रातल्या माशात तर टीएमएओ आयतंच असतं. खाऱ्या पाण्यात तगायला ते त्याला लागतं. म्हणजे बांगडा रंगेहाथ सापडला! तरी मासे खाणाऱ्यांची हृदयं काही त्या हिशेबाने बंद पडत नाहीत. बांगड्यात, तारल्यात ओमेगा-3ही असतं. आणि दर्पाचं काय, तिखल्यात सोलं पडली की आंबटापुढे अमाइन गप्प बसतं. उरलंसुरलं तिरफळ बघून घेतं.

जिवाणू म्हणजे आतड्यातली कुळं. जमीन आपल्या नावावर, कसणार ती. आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी 'कसेल त्याची जमीन' ठरल्यानंतर अशा जमिनीचं काय होतं, हे कोकणात कोणाला सांगायला नको. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, पालेभाजी मिळाली की ती खंड म्हणून ब्युटिरेट नावाचं रसायन देतात, आतड्याचं अस्तर राखतात. नुसत्या खारी-बटरावर ठेवलं तर अस्तरच कुरतडायला लागतात.

उरले पूर्वज. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली 25 अक्षरं शंभरातल्या चार भारतीयांत गळलेली असतात आणि त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, असं हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं. रक्तवाहिन्या चोंदवणारं लिपोप्रोटीन-एसुद्धा बहुतेक वारशानेच ठरतं. आजोबांच्या कलमांसाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात. हा वाटा मात्र सातबाऱ्यावर नाव न चढवता मिळतो.

माझ्या मते खरा गुन्हेगार भलताच आहे. रापण ओढणारे, माडावर चढणारे तेच बांगडे खायचे. आम्ही चार घरं सोडून दुकानात जायचं तर स्कूटर काढतो, आणि वर जेवताना सुका बांगडा भाजून मागतो. त्यातलं मीठ काय पूर्वजांनी घातलं?

घरात वडील-भावाला पंचावन्नच्या किंवा आई-बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए तपासून घ्या.