साहेब अजून हवेतच

डोक्यावरून विमान गेलं की नागपूरकर मान वर करतो. साहेब करत नाहीत. नुसत्या आवाजावरून "एअरबस" म्हणतात आणि चहाचा पुढचा घोट घेतात.

वायुदलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त होऊन रविवारच्या पुरवणीत विमानांवर लिहिणारा हा प्राणी नागपुरात सापडावा, यात नवल नाही. वायुदलाच्या अनुरक्षण, म्हणजे देखभाल-दुरुस्ती, कमांडचं मुख्यालय इथल्या वायुसेनानगरात. पण त्यामुळेच फुटाळा तलावावर सकाळी भेटणारे मित्र बहुतेक निवृत्त इंजिनिअर. "तुम्ही मोडायचं, आम्ही जोडायचं," असं ते साहेबांना ऐकवतात. साहेबांचे निम्मे लेख हे त्याचंच उत्तर असावं, असा आमचा संशय आहे.

सहाशे शब्द मागावेत, तर बाराशे येतात. विषय मिहान प्रकल्पाचा असो की सोनेगावच्या धावपट्टीचा, उड्डाण 1903 सालच्या राइट बंधूंपासूनच. उपसंपादक कात्री चालवतो आणि सोमवारी सकाळी त्याचा फोन वाजतो. त्यात राफेलच्या मजकुरावर सुखोईचा फोटो लागला असेल तर बघायलाच नको. एरवी मेसमधलं इंग्रजी बोलणारे साहेब रागावले की थेट वऱ्हाडीत उतरतात. "सुखोईले दोन शेपट्या असतात, राफेलले एक! अबे, म्हैस अन् घोडा तरी ओळखू येते का तुले?"

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला. 1963 पासून सेवेत असलेलं विमान. पण वाहिन्यांवर दिवसभर 'उडती शवपेटी' चालू. साहेबांनी टीव्ही बंद केला आणि ते लिहायला बसले. 14 डिसेंबर 1971 ला मिग-21 विमानांनी ढाक्यात थेट गव्हर्नरच्या निवासस्थानावर रॉकेटं डागली. गव्हर्नरने त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याच दिवशी श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों इवल्याशा नॅटमधून सेबर विमानांशी एकटे झुंजले आणि कामी आले. वायुदलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. हा लेख मात्र कुणी कापला नाही.

त्यांची खरी लाडकी गोष्ट म्हणजे 1949 साली सुरू झालेली रात्रीची विमानटपाल सेवा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या वाटेने परतायची. "पाहुण्यांना झिरो माइलचा दगड काय दाखवता? देशाचा मध्य कामाला लागला तो सोनेगावात!" इथे आम्हीही साहेबांच्या बाजूचे.

एका बाबतीत मात्र हा बोलका माणूस मुका होतो. कुठे विमान पडलं की वाहिन्यांना तासाभरात 'तज्ज्ञ' हवा असतो. साहेब फोन बंद करून ठेवतात. लागलाच, तर एकच उत्तर: "कोर्ट ऑफ इन्क्वायरी होऊ द्या." वैमानिक स्वतःची बाजू मांडायला उरलेला नसताना त्याची चूक ठरवू नये, हा त्यांचा नियम. टीव्हीवर बसणाऱ्या बाकीच्यांनी तो उचलायला हरकत नाही.

तेव्हा साहेबांचे लेख जरूर वाचा. भेटायला जायचं असेल तर आधी तर्रीपोहे खाऊन जा. राइट बंधूंपासून मिगपर्यंत यायला दुपारचे दोन वाजतात.