कान तयार आहेतच

प्रायोगिक रॉक ऐकायचंय म्हटलं की जाणकार मंडळी नवशिक्याच्या हाती थेट कॅप्टन बीफहार्टचा १९६९ चा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा अल्बम ठेवतात. फ्रँक झप्पा निर्माता, २८ तुकडे, आणि प्रत्येक वाद्य आपापल्या गल्लीनं निघालेलं. वादकांनी म्हणे हा गोंधळ महिनोन्महिने घोटून बसवला होता. ‘पाच-सहादा ऐक, मग उलगडेल,’ हा वर प्रेमळ दम.

छत्रपती संभाजीनगरकराला हा रियाज कशाला? क्रांती चौकात सिग्नल सुटला की रिक्षांचे हॉर्न, बुलेटचे फटाके, मागं सरकणाऱ्या पाण्याच्या टँकरची पिपाणी. ताल कुणाचा कुणाला नाही. तेही विनातालीम!

१९७५ मध्ये रॉक गायक लू रीडनं तासाभराचा गिटारचा नुसता फीडबॅक ‘मेटल मशीन म्युझिक’ नावानं विकला. लोक चिडून तबकड्या परत करायला गेले. (नाजूक माणसं!) चौथ्या बाजूची शेवटची खाच तर बंद वर्तुळाची, सुई उचलेपर्यंत आवाज संपतच नाही. पण सुईपर्यंत निदान आपला हात पोचतो. वरातीतल्या डीजेपर्यंत पोचायला पोलीस लागतात, आणि बऱ्याचदा तेही वरातीतच असतात.