ज्याचं त्याचं बटण

माणूस स्वतःच्या फोनबाबत लोकशाहीवादी असतो आणि दुसऱ्याच्या फोनबाबत हुकूमशहा. माझा फोन मी हवा तसा सजवणार; आईचा मात्र खोक्यातून निघाला तसाच राहिला पाहिजे. कारण तो अडला की लांबून दुरुस्त मला करायचा असतो.

"आई, सेटिंग्जचं चाक दिसतंय का?"

"इथे गणपती आहे."

"त्याच्या खाली बघ."

"खाली उंदीर आहे. पिंकीनं काय छान लावून दिलंय रे!"

पोटासाठी मी ॲप डिझाइन करतो, त्यामुळे हेच भांडण ऑफिसातही पाठ सोडत नाही. एक गट म्हणतो, सगळ्यांना एकच साचा द्या. दुसरा म्हणतो, ज्याला जसं आवडेल तसं करू द्या.

या दुसऱ्या गटाची चैन नव्वदच्या दशकाच्या शेवटी होती. गाणी ऐकायच्या विनॅम्पला वाटेल ती 'स्किन' चढवता यायची. काही स्किन इतक्या कलात्मक, की त्यात नक्षी कुठली आणि गाणं थांबवायचं बटण कुठलं, हे फक्त कलाकारालाच ठाऊक.

मग 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टचं ऑफिस 2000 आलं. त्यातला मेनू तुमच्या सवयी स्वतःच ओळखायचा. नेहमीच्या कमांड समोर, बाकीच्या गुप्त. खालच्या दुहेरी बाणावर क्लिक केलं, की त्या प्रकट होत. मदतीला आलेल्या पाहुणीनं "तुम्ही जायफळ रोज कुठे वापरता?" म्हणत डबी माळ्यावर टाकावी आणि ती नेमकी श्रीखंडाच्या दिवशी आठवावी, तसा हा प्रकार. ऑफिस 2007 मध्ये वर्ड-एक्सेलचे ते मेनूच गेले आणि रिबन आली. कमांड पुन्हा ठरल्या जागी बसल्या.

शहाणपणाचा तोडगा त्यातल्या त्यात गूगलचा. 2014 मध्ये त्यांनी 'मटेरियल डिझाइन' नावाची शिस्त घालून दिली आणि 2021 मध्ये अँड्रॉइड 12 बरोबर 'मटेरियल यू' आणून तिला थोडी सूट दिली. फोन वॉलपेपरमधून रंग उचलतो आणि बटणांना फासतो. शेंदरी गणपती लावा, बटणं शेंदरी होतील. पण गणपतीसाठी जागा सोडून उठणार नाहीत.

मलाही हेच पटतं. रंग आणि अक्षरांचा आकार ज्याचा त्याचा असावा, कारण डोळे ज्याचे त्याचे असतात. बटणाची जागा मात्र सगळ्यांना एकच हवी, कारण अडल्यावर माणूस मॅन्युअल वाचत नाही, शेजारच्याला विचारतो.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं. एकमतानं मान्य झालं. मग ती 'सगळ्यांना एकच' जागा नेमकी कोणती, यावर चर्चा सुरू झाली. ती इतकी रंगली, की जेवण ऑफिसातच मागवायची वेळ आली. वेळ वाचावा म्हणून मी सुचवलं, सगळ्यांना एकच थाळी सांगू या.

एकमतानं नामंजूर झालं.