बारा बारचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालण्यात मुंबईच्या उपनगरांचा हात धरणारं कोणी नाही. त्यामुळे ब्लूज हा संगीतप्रकार मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा परका वाटलाच नाही.

त्याची नेहमीची घडण साधी असते. बारा बार, म्हणजे तालाचे बारा तुकडे, आणि त्यांचे तीन सारखे वाटे. पहिल्या चारांत दुःख सांगायचं, पुढच्या चारांत तेच पुन्हा सांगायचं आणि शेवटच्या चारांत त्याला टोला हाणायचा. दुसऱ्या वेळी शब्द तेच, पण खालचा कॉर्ड बदलतो आणि गाऱ्हाण्याला वजन येतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका दर सभेत हेच करतात.

"पाणी दहाच मिनिटं येतं."

"बरोबर!" सभा ओरडते.

"अहो, पाणी दहाच मिनिटं येतं!" काका पट्टी चढवतात.

"अगदी बरोबर!"

"आणि नेमकी तेव्हाच आमची ही फोनवर असते!"

हशा पिकतो. पाणी दहाच मिनिटं येत राहतं, पण माणसं हलकी होऊन घरी जातात.

मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबलेल्या, ब्लूज गाणाऱ्या काळ्या मजुरांच्या दुःखापुढे आमची पाण्याची टंचाई म्हणजे काहीच नाही. पण दुःख तालात म्हटलं की सोसवतं, हे जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या माझ्या आजीलाही पक्कं ठाऊक होतं.

आईची कसोटी वेगळी. तिनं पेटीच्या परीक्षा दिलेल्या. मी ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग लावला, तेव्हा ती मेथी निवडत होती.

"धानी राग आहे," ती म्हणाली. मग कपाळाला आठी. "पण गंधार नीट लाव म्हणावं. ना कोमल, ना शुद्ध!"

तिनं नेमका ब्लूजचा जीवच पकडला होता. गिटारवाले तार खेचून धरतात आणि गंधार घाटकोपरला लोकलच्या दारात लटकलेल्या प्रवाशासारखा राहतो, धड आत नाही, धड बाहेर नाही.

ब्लूजचा नावाजलेला गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन 1938 साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून तो गिटार शिकला, अशी दंतकथा आहे. हा सौदा मुलुंड चेक नाक्यावर ठरला असता, तर सैतान ट्रकांच्या रांगेत अडकला असता आणि जॉन्सन जन्मभर बेसूर राहिला असता.

2011 च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. पहिल्याच वर्षी शिलाँगचा सोलमेट बँड होता आणि शिकागो गाजवलेले बडी गायही. दादरला गाडी बदलायची म्हणून आई आली नाही. घरी आल्यावर तिला सांगितलं, की चौऱ्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ ठिपक्याठिपक्यांची गिटार वाजवत थेट प्रेक्षकांत फिरण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"चौऱ्याहत्तर?" ती म्हणाली. "गुडघ्याला काय लावतात, ते विचारलंस का?"