आत्मपरिचय, चतुःसीमेसह

ज्या मनुष्याने उभी हयात दुसऱ्यांचे जबाब नोंदविण्यात घालविली, त्यास उतारवयात स्वतःविषयी बारा ओळी लिहावयास सांगणे, हा त्याच्यावर सरळसरळ जुलूम आहे. आम्हां निवृत्त महसुली नोकरांच्या मंडळाची स्मरणिका निघावयाची असून तीत प्रत्येक सभासदाने आपले अनुभव, छंद, कौटुंबिक माहिती व प्रवास नमूद करावेत, असे फर्मान सुटले. तेव्हा मी कागदास समास पाडला, ‘नाव, वय, धंदा, राहणार’ एवढे झरझर लिहिले आणि ‘समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की’ येथवर येऊन अडलो. विचारणारा समोर कोणी नव्हताच.

जमिनीचे या बाबतीत बरे असते. खरेदीखतात पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट अशी चतुःसीमा दिली, की मधले जे उरते ते आपोआप सिद्ध होते. शेताला तोंड उघडावे लागत नाही. म्हणून मीही तोच मार्ग पत्करला. माझ्या पूर्वेस आमचे कुटुंब असून ती हद्द लग्नापासून हळूहळू आत सरकत आलेली आहे. पश्चिमेस थोरले बंधू. बांध कोरण्याची त्यांची वहिवाट बालपणापासूनची. दक्षिणेस मेहुणे. उत्तरेस चिरंजीव व सूनबाई, आणि त्या बाजूची रहदारी पेन्शनच्या तारखेस विशेष वाढते.

घराणे कुळकर्ण्यांचे. १९५१ साली कुळकर्णी वतने नष्ट झाली आणि ज्या दप्तराचे रुमाल आजोबांनी वंशपरंपरेच्या हक्काने बांधले, त्याच दप्तरावर मी पगारी तलाठी म्हणून बसलो. वतन गेल्याचे आजोबांनी फारसे मनावर घेतले नाही. पण आपला नातू महिनाअखेर सही करून पगार घेतो, आणि तोही चारचौघांच्या देखत, ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत सहन झाली नाही.

छंद म्हणाल तर मोडी लावण्याचा. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता पळविलेली ती अक्षरे, कसरीने खाल्लेल्या जागा अंदाजाने भरून काढीत, भिंगाखाली वाचण्यात जे सुख आहे ते मला पत्त्यांत कधी लाभले नाही. आरंभी आळीतील मंडळी आपापले जुने कागद मोठ्या हौसेने घेऊन येत. परंतु कागद आणणाराच्याच पणजोबांनी विधवा भावजयीचे शेत गहाण घेऊन ते पुढे सोडलेच नाही, असली प्रकरणे त्यांतून बाहेर पडू लागली, तेव्हापासून माझ्या विद्वत्तेविषयीचा आदर कायम राहून कागद मात्र येईनासे झाले.

प्रवास सारा बदल्यांचा, तोही सोलापूर जिल्ह्याच्या शिवेआड. १८९७ पासून धावणाऱ्या बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवर माझे अर्धे पर्यटन उरकले, आणि उरलेले अर्धे कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडीची वाट पाहण्यात. तेथे ट्रंक, वळकटी व झोपलेले पोर यांच्या राशीत बसलो असता एखादा पागोटेवाला ‘पाव्हणं, गाव कंचं?’ असे विचारी, आणि मी चष्मा पुसून उत्तराची जुळवाजुळव करतो न करतो तोच आमच्या कुटुंबाने गाव, हुद्दा, पगार, बदलीचे कारण आणि माझे पथ्य इतके सारे सांगून टाकलेले असे. आषाढीच्या बंदोबस्तानिमित्त पंढरपूरही पुष्कळ घडले. मात्र वारकऱ्यांच्या पाण्याची व्यवस्था पाहता पाहता विठोबा राहून जाई, आणि मी कळसालाच हात जोडून परतत असे.

हा मसुदा मी घरात वाचून दाखविला आणि फेरफाराच्या रिवाजाप्रमाणे हितसंबंधी इसमांच्या हरकती मागविल्या. पूर्वेकडून तत्काळ आली: “अहो, पंढरपूर तुमच्या प्रवासात कसे? दर्शन मी घेतले, तुम्ही तर नळापाशी होता!” बंधूंनी बांधाबाबत पोस्टकार्ड धाडून वहिवाट नाकबूल केली. मेहुण्यांचा आक्षेप निराळाच. दक्षिण ही यमाची दिशा असताना ती नेमकी आपल्याच वाट्यास का, असा त्यांचा सवाल आहे. तूर्त नोंद तक्रारी रजिस्टरात असून मेहुण्यांना उत्तरेकडे हलविण्याचा माझा विचार होता, पण मुलाच्या परीक्षेपर्यंत जागा सोडणार नाही, असे सूनबाईंनी कळविले आहे.