झाईचे बोंबील आणि विलायतेतील शेजार

परदेशगमनाची ज्यांस हौस आहे, परंतु ऐपत नाही, अशा सद्गृहस्थांनी घोलवड स्टेशनावर उतरून बोर्डीमार्गे झाईस जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. 1 मे 1960 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेच्या पदरी पडली, मागे उरलेल्यांचा तलासरी तालुका झाला, आणि मांगेला मच्छीमारांचे हे झाई गाव महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे उत्तर टोक होऊन बसले. येथून पुढे चालत गेल्यास, दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरांची शिरोरेषा जेथे नाहीशी होते, तेथे परमुलूख आला असे खुशाल समजावे. त्या मुलखात दारूबंदी असल्याने हद्दीवरील शिपाई प्रवाशाच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या पिशवीविषयी अधिक जिज्ञासा बाळगतो, एवढाच काय तो जकातीचा जाच.

या प्रवासात माझ्यासमवेत आमचे भाचेराव होते. ते इंग्लंडात लीड्स येथे उच्च शिक्षण घेतात आणि सुटीत स्वदेशी येऊन तेथील एकाकीपणाची फिर्याद आम्हां वडीलधाऱ्यांपुढे गुदरतात. त्यांच्या जबानीचा सारांश असा की, नवागतांच्या स्वागतसमारंभास छातीवर नावाची चिठ्ठी डकवून ते उभे राहिले, शंभरेक जणांशी त्यांनी हवामानाविषयी संभाषण केले, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी उतरताच मैत्रीही उतरली. समोरच्या खोलीतील घानाच्या विद्यार्थ्याशी तर जिन्यातील ‘हॅलो’पलीकडे वर्षभरात मजल गेली नव्हती. सर्वांशी सौजन्याने वागायचे, कोणास तसदी द्यायची नाही, असा त्यांचा शिरस्ता. मी मनात म्हटले, रोगाचे मूळ येथेच आहे.

झाईच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. भाचेरावांनी रुमाल नाकाशी नेला, तोच एका वृद्ध कोळणीने त्यांस हटकले. कुठला, कोणाचा, लग्न झाले का, नसल्यास का नाही, विलायतेत जेवण कोण रांधते, या प्रश्नांची सरबत्ती विद्यापीठाच्या मुलाखतीसही लाजवील अशी होती. खाजगी बाबींत हा हस्तक्षेप होतो, असे भाचेरावांच्या मुद्रेवर उमटले न उमटले, तोच बाईंनी त्यांच्या हाती काठी दिली.

“हे कावळे हाक रे जरा, मी चहा ठेवून येते.”

बाई गेल्या त्या चांगल्या घटकाभराने आल्या. तोवर आमचे उच्चविद्याविभूषित भाचेराव कावळ्यांशी झुंजत होते, आणि त्यांचे हे युद्धकौशल्य पाहण्यास जमलेली पोरे त्यांस मोठमोठ्याने सल्ला देत होती. चहा झाला, भाकरी झाली. सायंकाळी एका होडीचा दोर ओढावयास जी माणसे बोलावली, त्यांत भाचेरावांचे नाव कोणास न विचारता धरलेले होते.

परक्यास मित्र करण्याची ही वहिवाट या किनाऱ्यास नवी नाही. येथून जवळच उत्तरेस संजाण आहे. इराणातून आलेले पारशी तेथे उतरले तेव्हा तेथील राजा जादी राणा याने त्यांस पाच अटी घातल्या, असे 1599 सालच्या ‘किस्सा-ए-संजान’ या काव्यात सांगितले आहे: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवा, वगैरे. दुधात साखरेची गोड आख्यायिका सर्वांस ठाऊक असते; मला राण्याच्या अटी अधिक स्नेहाच्या वाटतात, कारण ज्यास कायमचे ठेवून घ्यायचे नाही, त्यास इतक्या अटी कोण घालतो?

परदेशांतील खऱ्या मैत्रीही तसदीतूनच जमल्या आहेत. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे खोळंबल्या असता त्यांच्या हाती एक नियतकालिक पडले, त्यात आनंदीबाई जोशी व त्यांच्या यजमानांविषयीचा पत्रव्यवहार छापलेला होता. त्या दातदुखीतून पुढे 1883 साली आनंदीबाईंस अमेरिकेत घर आणि हक्काची ‘मावशी’ मिळाली. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात बाबासाहेब आंबेडकरांस नवल भथेना हा पारशी सोबती लाभला, आणि पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास त्यांनी हक्काने कर्ज मागितले ते याच भथेनांपाशी. केवळ हवामानावर बोलणाऱ्यापाशी कोणी कर्ज मागत नाही. मागितले तरी तो हवामानच सांगेल.

निरोप घेताना कोळणीने बोंबलांचे एक पुडके भाचेरावांच्या हाती कोंबले. त्यांनी आढेवेढे घेतले, तेव्हा “तुला कोण विचारते?” एवढेच उत्तर मिळाले.

पुढे लीड्सहून पत्र आले. एका रात्री भाचेरावांनी सामायिक स्वयंपाकघरात बोंबील भाजण्यास घेतले. धुराने छतावरील भोंगा वाजू लागला आणि कायद्यान्वये अवघी इमारत, कोणी पायजम्यात तर कोणी पांघरुणात, भर थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहिली. अग्निशामक दलाने पंचनामा उरकला. गुन्हेगाराची रुजवात होताच घानाचा तो विद्यार्थी गर्दीतून वाट काढीत समोर आला, आणि हवामानाविषयी चकार शब्द न काढता त्याने एवढेच विचारले की, हा सुका मासा कोणता, आणि भाजायचा अजून काही शिल्लक आहे काय.